डबल फाउल दिला, आता बॉल कोणाचा?

बास्केटबॉलची रेफ्री म्हणून शिट्टी हातात घेऊन मला बावीस वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं टेबलवर बसून स्कोअरशीट लिहिली. नव्या रेफ्रींच्या शिबिरात मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारते: पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, दोघी एकमेकींना रेटतायत, तुम्ही दोघींनाही फाउल दिला, आता खेळ सुरू कसा कराल? निम्मी मुलं लगेच दोन्ही अंगठे वर करून दाखवतात. म्हणजे जंप बॉल, टेबलवरचा आळीपाळीने फिरणारा बाण ज्यांच्याकडे त्यांचा बॉल. काही जण म्हणतात, फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) द्यायचे. एखाददुसराच उलट मला विचारतो, "मॅडम, तेव्हा बॉल कुठे होता?"

मला स्वतःला हा प्रश्न वेळेवर सुचला नव्हता. मुलींची आंतरमहाविद्यालयीन फायनल होती. सिमेंटचं कोर्ट, चौथा क्वार्टर, ३८ सेकंद बाकी, एका पॉइंटचा फरक. मागे असलेल्या टीमची गार्ड थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर ड्रिबल करत होती. खाली पोस्टमध्ये दोन्ही सेंटर एकमेकींत अडकलेल्या. एकीने कोपर मागे टाकून दुसरीचा हात काखेत आवळून धरला होता, आणि दुसरी मांडी लावून तिला रिंगखालून बाहेर ढकलत होती. मी शिट्टी मारली, दोघींना फाउल दिला. इथवर सगळं बरोबर होतं. मग मी अंगठे वर केले आणि टेबलकडे पाहिलं. बाण डिफेन्सच्या बाजूला होता, म्हणून बॉल त्यांना दिला. टेबलवरचं कोणी बोललं नाही, जोडीदारही बोलला नाही. मागची टीम एका पॉइंटने हरली. त्यांची कॅप्टन मॅच संपल्यावर माझ्याकडे आली, हात मिळवला, "थँक यू मॅडम" म्हणाली.

रात्री घरी नियमपुस्तक उघडलं आणि पोटात गोळा आला. बॉल त्या गार्डच्या हातात होता, तो तिच्याच टीमला परत मिळायला हवा होता. ही चूक नंतर निस्तरताही येत नाही. दुरुस्त करता येतील अशा चुकांची नियमांत जी यादी आहे ती फ्री थ्रो आणि पॉइंट यांच्यापुरती आहे. भलत्याच टीमला दिलेला थ्रो-इन, म्हणजे लाइनबाहेरून बॉल आत टाकायचा हक्क, त्यात बसत नाही. ती मुलगी हात मिळवून गेली हे आजही माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय. नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे सांगतेय, आपल्याकडे स्पर्धांना तेच लागू असतात.

मुळात हा डबल फाउल आहे का?

पुस्तकातलं ३५ वं कलम. दोन प्रतिस्पर्धी साधारण एकाच वेळी एकमेकांवर फाउल करतात तो डबल फाउल. त्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. दोन्ही फाउल खेळाडूंचे हवेत, कोचचा किंवा बेंचचा त्यात धरायचा नाही. दोन्हीत शरीराचा संपर्क झालेला हवा. त्याच दोघांनी एकमेकांवर केलेले हवेत. आणि दोन्ही एकाच तोलाचे हवेत, म्हणजे दोन्ही पर्सनल (साधे), नाहीतर दोन्ही अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारे) किंवा डिस्क्वालिफाइंग (खेळाडूला बाहेर काढणारे). या वरच्या गटात एकाचा अनस्पोर्ट्समनलाइक आणि दुसऱ्याचा डिस्क्वालिफाइंग असला तरी चालतो.

यातली एक जरी गोष्ट हुकली तरी तो डबल फाउल नाही. लाल जर्सीच्या पाच नंबरने निळ्याच्या आठ नंबरला ढकललं आणि त्याच वेळी पलीकडे निळ्याच्या दहाने लालच्या सातला धरलं, तर ते दोन वेगळे फाउल झाले, कारण जोड्याच वेगळ्या आहेत. दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांना शिव्या देतायत, हात कोणी लावला नाही, तर ते दोन टेक्निकल, म्हणजे संपर्काशिवायचे फाउल झाले. त्यांच्या शिक्षा सारख्या असल्याने एकमेकींत वळत्या होतात आणि पुढचा खेळ डबल फाउलसारखाच सुरू होतो. पण त्याचं कलम वेगळं, ४२ वं, आणि स्कोअरशीटवर नोंदही वेगळी: वळत्या झालेल्या फाउलच्या अक्षराशेजारी बारीक सी लिहितात. एकाने साधं ढकललं आणि दुसऱ्याने डोक्यात राग घालून जोरात धक्का दिला, म्हणजे एक पर्सनल आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक, तर तोल जुळत नाही. दोन्हींची शिक्षा ज्या क्रमाने फाउल घडले त्या क्रमाने द्यायची.

"साधारण एकाच वेळी" हे शब्द मी शिबिरात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. एकाने ढकललं, दुसरा सावरला, वळला आणि मग त्याने उलट ढकललं, तर तो डबल फाउल नाही. पहिल्या धक्क्यालाच तुमची शिट्टी वाजायला हवी होती. अनेकदा होतं असं की रेफ्री पहिला धक्का सोडून देतो, दुसरा दिसतो, मग वाद नको म्हणून "दोघांनाही द्या" करतो. हे मला अजिबात पटत नाही. ज्याने काही केलं नव्हतं त्या पोराच्या नावावर फाउल चढतो, आणि त्या मॅचमध्ये त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. सुरुवात कोणी केली हे तुम्ही पाहिलं असेल तर त्यालाच द्या. दोघांचे हात खरोखर एकाच वेळी चालू होते असं तुमच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच डबल.

बॉल कुठे होता?

आता मुख्य गोष्ट. डबल फाउलला फ्री थ्रो नाही. टीमचे चार फाउल भरून पेनल्टी लागू झालेली असली तरी नाही, दोन्ही फाउल अनस्पोर्ट्समनलाइक असले तरी नाही. दोघांच्या नावावर एकेक फाउल चढतो, दोन्ही टीमच्या फाउलमध्ये एकेकाची भर पडते, आणि खेळ पुढे कसा जाणार हे फक्त बॉलवर ठरतं. स्वतःला तीन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने.

त्याच सुमाराला बास्केट झालं का? शॉट हवेत असताना खाली पोस्टमध्ये डबल फाउल झाला आणि बॉल आत गेला, तर बास्केट धरायचं. शॉट हातातून सुटून हवेत असेल तर शिट्टीने बॉल डेड (खेळाबाहेर) होत नाही. मग ज्यांच्यावर बास्केट झालं ती टीम आपल्या एंडलाइनमागून थ्रो-इन करते, आणि एंडलाइनमागे हव्या त्या जागेवरून करते. इथे नवे रेफ्री त्या खेळाडूला एका जागी उभं करतात आणि पाय हलवला की व्हायोलेशन (नियमभंग) देतात. तसं करू नका, नेहमीच्या बास्केटनंतर तो जसा एंडलाइनमागे फिरतो तसाच इथेही फिरू शकतो. शेवटचा फ्री थ्रो आत गेला आणि त्याच वेळी रिबाउंडच्या जागेवर दोघं भिडले, तरी हेच. दोनपैकी पहिला फ्री थ्रो झाल्यावर भिडले असतील तर दुसरा फ्री थ्रो होतोच, आणि तो संपल्यावर खेळ नेहमीसारखा पुढे जातो.

बास्केट नाही, तर मग बॉलवर कोणाचा ताबा होता, किंवा बॉल कोणाला मिळणार होता? ज्यांचा होता त्यांनाच परत, फाउल जिथे झाला तिथून जवळच्या जागेवरून थ्रो-इन. बॅकबोर्डच्या थेट मागून मात्र थ्रो-इन द्यायचा नाही, जरा बाजूला घ्यायचा. "मिळणार होता" म्हणजे, समजा बॉल बाहेर गेलाय, निळ्यांचा थ्रो-इन ठरलाय, पण बॉल अजून त्यांच्या हातात दिलेला नाही. अशा वेळी दोघांनी एकमेकांना सणसणीत धक्के दिले आणि तुम्ही दोघांना अनस्पोर्ट्समनलाइक दिला, तरी बॉल निळ्यांचाच.

ताबा या शब्दापाशी थोडं थांबते, कारण बहुतेक चुका इथेच होतात. टीमचा ताबा म्हणजे कोणाच्या तरी हातात बॉल असणं, एवढंच नाही. एकीने दुसरीला पास दिला आणि बॉल हवेत आहे, ताबा त्याच टीमचा. तो पास डिफेन्सच्या बोटांना लागून जमिनीवर उड्या मारत चाललाय, चार जणी त्यामागे धावतायत, तरीही ताबा पास देणाऱ्या टीमचाच! समोरच्या टीमची कोणी बॉल पकडेपर्यंत किंवा ड्रिबल सुरू करेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहतो. ताबा संपतो तो तीन प्रकारे: समोरच्यांनी बॉल ताब्यात घेतला, बॉल डेड झाला, किंवा शॉट हातातून सुटला. मोकळा बॉल पाहिला की हात आपोआप अंगठ्यांकडे जातात, त्यांना आवरा. हा बॉल पासमधून सुटला की शॉटमधून, हे आधी ठरवा. पासमधून सुटला असेल तर ताबा आहे.

बास्केटही नाही आणि ताबाही कोणाचा नाही, तेव्हा कुठे अंगठे वर. शॉट चुकला, बॉल रिंगवरून उडाला, रिबाउंडसाठी उड्या मारताना दोघं एकमेकांना धरून खाली आले, बॉल अजून कोणाच्या हातात नाही. ही जंप बॉलची स्थिती. आधी अंगठे दाखवायचे, मग बाणाच्या दिशेने बोट. ज्यांच्याकडे बाण आहे त्यांचा थ्रो-इन, जवळच्या जागेवरून. याला एकच अपवाद माझ्या वाट्याला आलाय. मॅचच्या सुरुवातीच्या उडीनंतर बॉलला टॅप लागला होता, तो कोणाच्याही ताब्यात आला नव्हता, तेवढ्यात दोघांत डबल फाउल. तेव्हा बाण ठरलेलाच नसतो. त्यामुळे मधल्या सर्कलमध्ये, फाउल केलेल्या त्याच दोघांत पुन्हा जंप बॉल घ्यायचा.

घड्याळं

शॉट क्लॉक म्हणजे शॉट घ्यायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ. त्यावरच्या मुलाचं बोट सवयीने रिसेटवर जातं. त्याचा दोष नाही. डिफेन्सच्या साध्या फाउलनंतर फ्रंटकोर्टमध्ये (समोरच्यांच्या रिंगच्या अर्ध्या भागात) थ्रो-इन असेल तर १३ किंवा त्याहून कमी सेकंद उरल्यावर १४ करायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. डबल फाउलमध्ये ज्यांचा ताबा होता त्यांनाच बॉल परत मिळत असेल तर शॉट क्लॉकला हात लावायचा नाही. ६ उरले होते तर ६. शिट्टी वाजल्यावर आधी शॉट क्लॉकचा आकडा मोठ्याने वाचायची सवय मी लावून घेतलीय, "सहा! सहा ठेवा!" असं. जिथे शॉट क्लॉक टेबलवरच स्टॉपवॉचने मोजतात तिथे तर हे फारच गरजेचं.

बॅककोर्टमधल्या, म्हणजे आपल्या अर्ध्यातून बॉल पुढे नेण्याच्या ८ सेकंदांचंही तसंच. बॉल पुढे आणताना ५ सेकंद गेले असतील आणि थ्रो-इन बॅककोर्टमध्येच असेल, तर ३ च उरतात, नवे ८ मिळत नाहीत.

बाणाने बॉल दिला तर हिशोब वेगळा. शॉट रिंगला लागला होता आणि बाण अटॅकवाल्यांकडे आहे, तर त्यांना १४. डिफेन्सकडे आहे, तर त्यांना नवे २४. शॉट रिंगला लागलाच नाही आणि बाणाने बॉल पुन्हा अटॅकलाच मिळाला, तर उरलेले सेकंद तसेच चालू.

शिट्टीपासून थ्रो-इनपर्यंत

एक मूठ वर आणि शिट्टी, घड्याळ थांबलं पाहिजे. आता लगेच टेबलकडे पळू नका. पोस्टमधली दोघं तापलेली असतात. मी दोन पावलं त्यांच्याजवळ जाते आणि जर्सीचा नंबर घेऊन बोलते, "लाल पाच, निळी आठ, हात खाली, झालं." नंबर घेतला की मुलं भानावर येतात. मुंबईत नागपाड्यासारख्या बास्केटबॉलवेड्या वस्तीत प्रेक्षक लाइनला खेटून उभे असतात, तिथे या चार सेकंदांत आवाज शांत ठेवणं फार महत्त्वाचं.

तेवढ्यात जोडीदाराकडे नजर टाका. तुम्ही पोस्ट बघत होता, म्हणजे बॉल त्याच्या नजरेत होता. बॉल कुठे होता हे त्यालाच जास्त नक्की माहीत असतं. मॅचच्या आधी कपडे बदलताना आम्ही हे ठरवूनच ठेवतो: डबल फाउल झाला की ज्याने शिट्टी मारली नाही त्याने छातीजवळ बोटाने दिशा दाखवायची, किंवा मूठ बंद ठेवायची, म्हणजे ताबा कोणाचाच नव्हता. त्या फायनलला आमचं असं काही ठरलेलं नव्हतं. दोघांची शिट्टी एकदम वाजली तर कोणीही पुढची खूण करायची नाही, आधी एकमेकांकडे बघायचं. एकाने ब्लॉकिंग (डिफेन्सचा फाउल) आणि दुसऱ्याने चार्जिंग (अटॅकचा फाउल) दाखवून बसलात की मग समजावत बसावं लागतं.

मग टेबल. दोन्ही मुठी आवळून डोक्यावर हलवल्या की ती डबल फाउलची खूण. त्यानंतर एका टीमचा नंबर आणि फाउलचा प्रकार, मग दुसऱ्या टीमचा. सोळा आणि त्यापुढचे नंबर दाखवताना आधी हाताची मागची बाजू टेबलकडे करून दशक, मग तळवा करून एकक. घाई करू नका, स्कोअररने मान हलवली की पुढचा नंबर. शेवटी थ्रो-इनची दिशा, आणि सोबत तोंडाने, "डबल फाउल, फ्री थ्रो नाही, लालचा बॉल, शॉट क्लॉक सहा." दोन्ही कोचना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. निम्मे वाद या एका वाक्याने मिटतात, हा माझा अनुभव.

स्कोअरर दोघांच्याही चौकटीत पी लिहितो, त्याशेजारी फ्री थ्रोचा आकडा येत नाही. त्याच वेळी त्याला विचारून घ्या, कोणाचा पाचवा फाउल आहे का, कोणाचा दुसरा अनस्पोर्ट्समनलाइक आहे का. असेल तर तो खेळाडू बाहेर, आणि पाचव्या फाउलवाल्याच्या जागी ३० सेकंदांच्या आत बदली. बॉल डेड, घड्याळ बंद आणि तुमचं टेबलशी बोलणं संपलेलं, म्हणजे दोन्ही टीमना बदलीची आणि टाइमआउटची संधी आहे. ती नाकारू नका.

टीव्हीवर पाहिलेलं

पोरं पहाटे उठून मोबाइलवर एनबीए बघतात आणि संध्याकाळी मैदानावर तेच नियम सांगतात. त्यांना रागावू नका, नीट सांगा. एनबीएमध्ये ताबा कोणाचाच नसताना डबल फाउल झाला तर मधल्या सर्कलमध्ये खरोखर जंप बॉल घेतात, बाण नाही. तिथे डबल पर्सनल फाउल खेळाडूच्या नावावर लागतो पण टीमच्या फाउलमध्ये धरत नाहीत, आपल्याकडे धरतात. आणि शॉट क्लॉक फ्रंटकोर्टमध्ये १४ पेक्षा कमी असेल तर तिथे १४ करतात. त्यामुळे "टीव्हीवर तर चौदा केले" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो.

बाणाबद्दल आणखी थोडं. आमच्या टेबलवर अजूनही लाकडी बाण असतो, एका बाजूने तांबडा रंग उडालेला. तो फिरवायचा कधी? बॉल थ्रो-इनवाल्याच्या हातात दिला की लगेच नाही. कोर्टमधल्या खेळाडूचा बॉलला नियमात हात लागला, किंवा थ्रो-इन करणाऱ्या टीमने व्हायोलेशन केलं, की तो थ्रो-इन संपतो आणि मग बाण फिरतो. त्याआधी कोणीही फाउल केला तरी बाणाचा हक्क जात नाही. आणि डबल फाउलनंतर बॉल ताब्यामुळे परत दिला असेल तर बाणाला हातच लावायचा नाही. टेबलवरचा मुलगा डबल फाउल ऐकून बाण फिरवतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता बॉल हातात देण्याआधी एकदा मान वळवून बाण कुठे आहे ते बघतेच.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी शाळेच्या कोर्टवर चार मुलं उभी करते. दोघं पोस्टमध्ये एकमेकांना रेटतात, तिसरा बॉल घेऊन वर, चौथा शिट्टी घेऊन. मी केव्हाही टाळी वाजवते, टाळीला शिट्टी. तिसऱ्याने कधी बॉल धरून ठेवलेला असतो, कधी पास सोडलेला, कधी शॉट. शिट्टीवाल्याने पोस्टकडेच बघायचं आणि तरीही बॉल कोणाचा ते सांगायचं. पहिल्या दहा वेळा सगळे चुकतात. विसाव्या वेळेपर्यंत पोस्टकडे बघतानाही बॉल कुठे आहे हे मुलांच्या ध्यानात राहायला लागतं, आणि मग मी विचारायच्या आधीच उत्तर येतं, "मॅडम, शॉट हातातून सुटला नव्हता, लालचाच बॉल, नऊ सेकंद."